देठांची पावती

कौतिक सरोदेच्या वावरातली वांगी चोरायला तोताराम सोनवणे दर वर्षी चंपाषष्ठीपर्यंत थांबत असे.

थांबायची त्याला काही गरज नव्हती. तो ख्रिस्ती होता, त्याला चातुर्मास लागू नव्हता. भर आषाढात त्याने वांगं खाल्लं असतं तरी कोणी विचारणार नव्हतं. पण कौतिक चातुर्मास लागल्यापासून चंपाषष्ठीपर्यंत वांग्याला शिवत नसे. आणि जो माणूस स्वतःच वांगी खात नाही, त्याची वांगी चोरण्यात काय मजा, असं तोतारामचं म्हणणं. "कौतक्या, तुह्या देवाचं आटपू दे, मंग येतो," असं तो बांधावरून ओरडून सांगायचा. कॅलेंडर आलं की अख्ख्या चिंचटेकात चंपाषष्ठी सगळ्यात आधी शोधून ठेवणारा माणूस म्हणजे सावद्याच्या चर्चच्या कारभारी मंडळातला हा पंच.

चिंचटेक हे सावद्यापासून हाकेच्या अंतरावरचं, केळीच्या बागांत बुडालेलं गाव. दोघांची वावरं बांधाला बांध लागून. बांधाच्या अलीकडे कौतिकच्या घरापुरत्या वांग्याच्या ओळी, पलीकडे तोतारामच्या घरापुरत्या. हिरवी-पांढरी, भरताची वांगी. बी एकच होतं. एका वर्षी एकाच पिकल्या वांग्यातून काढून दोघांनी वाटून घेतलेलं. माती एक, विहिरीचं पाणी एक. तरी कौतिकला तोतारामची वांगी गोड लागत आणि तोतारामला कौतिकची.

या चोरीला नियम होते. एका वेळी चारच वांगी. फांदी मोडायची नाही. काम पहाटे उरकायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पावती. भरताचं वांगं देठासकट भाजतात, सोलताना देठालाच धरतात. भरीत खाऊन झालं की ते जळके देठ सुतळीत ओवून मालकाच्या फाटकाला टांगायचे. म्हणजे मालकाला कळतं, माल कोणाकडे गेला आणि कामी आला. जो रंगेहाथ सापडेल त्याने पकडणाऱ्याला भरीत-भाकरीचं जेवण घालायचं, असंही ठरलं होतं. पण इतक्या वर्षांत दोघांपैकी एकही सापडला नव्हता. कौतिकची आयुष्यातली जी एक-दोन मोठी स्वप्नं शिल्लक होती, त्यात तोतारामला वांग्यासकट धरणं हे एक होतं.

बाकी गावासाठी तोताराम म्हणजे 'नाना'. त्याचा बाप पुना साक्रीकडून आला तो मिशनच्या मडमेची बैलगाडी हाकत. मडम तिच्या देशाला गेली, बैल विकले गेले, पुना मात्र इथेच राहिला. तोताराम केळी कापणाऱ्या टोळीत घड वाहता वाहता टोळीचा मुकादम झाला. बागेत तो चर्चची गाणी मोठ्याने म्हणायचा, त्यामुळे रावेर-सावद्याच्या ट्रकवाल्यांना बायबल माहीत नसलं तरी चाली पाठ होत्या. गावात ख्रिस्ती घर हे एकच. नाताळच्या करंज्या मात्र घरटी पोचायच्या. बायको ताईबाई धुळ्याकडची, साक्री तालुक्यातली, तिचं अहिराणी बोलणं इकडे येऊन इतकी वर्षं झाली तरी बदललं नाही. लेक धुळ्याला दिलेली, मुलगा प्रेमराज जळगावला पिंप्राळ्यात राहत होता. तो सरळमार्गी माणूस, स्कूटरही इतकी हळू चालवायचा की मागून रिक्षावाले हात जोडायचे. बापाचं काहीच त्याच्यात उतरलं नव्हतं, असं बाप म्हणायचा.

चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि नाताळला दहा आज्ञा वाचायचं काम पंच म्हणून तोतारामकडे होतं. आठवी आज्ञा चोरी करू नको अशी आहे. तिथे आला की त्याला हमखास खोकला यायचा. मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या समाजातल्या, बाया म्हणत, नानाचा घसा धरतो, त्यांना ज्येष्ठमध द्या. नाताळच्या उपासनेला आणि खरं म्हणजे त्यानंतरच्या करंज्यांना कौतिक जायचा, तेव्हा तो मागच्या बाकावर बसून या खोकल्याची वाट पाहायचा.

"तू उभा राहून साक्ष काहून देत नाही रे?" त्याने एकदा विचारलं होतं. त्या चर्चमध्ये लोक पुढे येऊन देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात, त्याला साक्ष म्हणतात.

"तिथी खोटं बोललेलं चालत नाही," तोताराम म्हणाला. "म्हणून मी नुसतं गाणं म्हणतो."

इकडे कोणी गेलं की त्या घरी भेटायला जातात, त्याला दारावर जाणं म्हणतात. मान खाली घालून दरीवर, म्हणजे सतरंजीवर, बसायचं. थोडा वेळ कोणी बोलायचं नाही. मग आलेल्यांतल्या वडीलधाऱ्याने हळूच विचारायचं, "कसं झालं?" की घरच्या माणसाने पहिल्यापासून सगळं सांगायचं. ते उठून गेले, दुसरे आले की पुन्हा पहिल्यापासून. तोताराम कोणाचंही दार चुकवत नसे. कौतिकचे वडील गेले तेव्हा तर तो दहाही दिवस कौतिकला चिकटून बसला होता. एके दुपारी रावेरचे एक जाडजूड पाहुणे दुसऱ्यांदा आले, पुन्हा "कसं झालं?" म्हणाले आणि बशीत चहा ओतू लागले. तोताराम कौतिकच्या कानाशी लागला, "याले तुह्या घरचा चहा आवडला. आता दहावं झाल्यावर या बिचाऱ्याचं कसं व्हईल?" कौतिकने तोंड टॉवेलात खुपसलं. खांदे गदगदा हलत होते. दरीवरची माणसं एकमेकांना म्हणाली, बापाचा फार लळा होता.

यंदाची चंपाषष्ठी झाली. कौतिकच्या घरी भरीत-रोडगे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिक वावरात गेला, तर बांधावरच्या निंबाला पाठ टेकून तोताराम बसलेला. गळ्याला मफलर, पाय पसरलेले, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलात चार वांगी.

कौतिकच्या छातीत आनंद मावेना. त्याने चपला काढून हातात घेतल्या. ओळीच्या कडेने, पाचोळा न वाजवता तो निंबाच्या मागून आला. काय बोलायचं ते त्याने कितीतरी वर्षांपासून ठरवून ठेवलं होतं. त्याने खांद्यावर थाप मारली आणि ओरडला, "सापडला रे सापडला, पंच सापडला!"

खांदा गार होता.

कौतिकने हातातल्या चपला खाली ठेवल्या. मग शेजारी बसला. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की हृदय बंद पडलं, त्रास झाला नसावा. चेहऱ्यावरूनही तसंच दिसत होतं. चांगला माल मिळालेल्या माणसाचा चेहरा होता तो. कौतिकने टॉवेलातली वांगी पाहिली. ओळीतली सगळ्यात उत्तम चार नेमकी उचललेली. 'तोत्या,' तो मनात म्हणाला, 'जाता जाताही कडेची किडकी नाही घेतली.'

मग त्याला ताईबाईची आठवण झाली. आता सावद्याची मंडळी येईल, धुळ्याहून लेकीच्या सासरचे येतील. चर्चचा पंच दुसऱ्याच्या वावरात मांडीवर चोरीची वांगी घेऊन मेला, हे त्या बाईने कोणत्या तोंडाने ऐकायचं? चोरीचं तिला काही ठाऊक नाही याची कौतिकला खात्री होती. तोतारामच म्हणायचा, "घरी सांगतो, कौतक्याने प्रेमाने धाडली." कौतिकने वांगी उचलली, मोटरच्या खोलीत नेऊन ठेवली, टॉवेल झटकून मित्राच्या खांद्यावर नीट घातला, आणि मग गावाला हाक मारायला धावला.

"पण नाना तुमच्या वावरात काहून गेले होते?" पहिल्याच माणसाने विचारलं.

"माही मोटर," कौतिकच्या तोंडून निघून गेलं. "मोटर पाहाले आला होता."

गावातल्या जाणत्यांनी सवयीने बांबू आणि गोवऱ्या काढल्या होत्या. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की नानाला जाळायचं नाही, पुरायचं आहे. गोवऱ्या गुपचूप परत रचल्या गेल्या. शवपेटी भुसावळहून केळीच्या पिकअपमधून आली आणि तिच्या फटीत वाळका पाला अडकलेला होता. सावद्याच्या ख्रिस्ती दफनभूमीपर्यंत अख्खं चिंचटेक चालत गेलं. एक खांदा कौतिकचा होता.

ख्रिस्ती घरात दहावं नसतं. पण दारावर जायचं नाही म्हणजे काय, हे चिंचटेकाला कळण्यासारखं नव्हतं. दरी अंथरली गेली, माणसं येऊ लागली. बाप गेलेला सगळ्यात आधी पाहिला कौतिकने, म्हणून प्रेमराजने त्याला शेजारी बसवून घेतलं. "आबा, तुम्हीच सांगा," तो म्हणायचा.

पहिल्या दिवशी कौतिकने सांगितलं की मोटर बंद होती, तोताराम पाहायला आला होता. दुसऱ्या दिवशी निंभोऱ्याचे पाहुणे म्हणाले, बंद मोटर पाहायला एवढ्या पहाटे? तेव्हा कौतिकला मोटर चालू करावी लागली. ती चालू राहून गेली होती, पाणी वाया चाललं होतं, तोतारामला आवाज आला आणि तो बंद करायला धावला. तिसऱ्या दिवशी धुळ्याहून लेकीच्या सासरची गाडी आली. ऐकता ऐकता व्याही म्हणाले, "म्हणजे तुमचं वावर वाचवता वाचवता गेले म्हणा की!" कौतिकने मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेला लोक होकार समजले. बायांच्या बाजूला साक्रीच्या एका आत्याने लगेच रडता रडता सूर धरला, गारठ्याच्या पाण्यात उभा राहिला गं माझा भाऊ. पाचव्या दिवसापर्यंत तोताराम कमरेइतक्या पाण्यात उतरला होता.

घरी बेबाबाईने, कौतिकच्या बायकोने, जेवताना विचारलं, "कोनती मोटर?"

"आपलीच."

"आपली मोटर त गेल्या महिन्यात जळाली. रिवाइंडिंगले सावद्याले पडेल हाये."

कौतिकने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"आन मोटरच्या खोलीत चार वांगी सुकी राह्यली, ती कोनाची?" बेबाबाईने भाकरी वाढता वाढता विचारलं. "मी कोनाले सांगनार नाही. पन तुमाले खोटं जमत नाही हो. जमायचं ते त्याले."

जितेंद्र पास्टर नवीनच आलेला, धुळ्याचा तरुण. त्याला या गोष्टीने फार हलवलं. रविवारच्या स्मरणाच्या उपासनेत यावरच प्रवचन करायचं त्याने ठरवलं, आणि ती जागा पाहायला स्वतः वावरात आला.

"हीच का ती मोटर?" त्याने खोलीत डोकावून विचारलं. खोलीत वायरी लोंबत होत्या आणि कोपऱ्यात चार सुरकुतलेली वांगी होती.

"दुरुस्तीले धाडली," कौतिक म्हणाला. हे तरी खरं होतं.

"तिलाही धक्का बसला म्हणायचा," पास्टर गहिवरून म्हणाला.

जाता जाता त्याने सांगितलं की प्रेमराजने कबरेसाठी दगड सांगितला आहे. त्यावर कोरायचं आहे, 'शेजाऱ्यासाठी प्राण वेचला.' सोमवारी कोरणारा बसणार. "आणि रविवारी तुम्ही साक्ष द्यायची, आबा. तुमच्याशिवाय कोण देणार?"

कौतिक बांधावर येऊन निंबाखाली बसला. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपण मित्राची अब्रू वाचवतोय. आता वाटलं, आपण दुसऱ्याच कोणाला तरी पुरून आलो. कमरेइतक्या पाण्यात उभा राहणारा, गंभीर चेहऱ्याचा हा साधू कोण? याला तर कौतिक ओळखतही नव्हता. हा माणूस आठव्या आज्ञेला खोकला नसता. दगडावर एकदा हे कोरलं की प्रेमराजची पोरं, त्यांची पोरं, सगळी याच्याच पाया पडणार, आणि तोत्या कायमचा गेला. खरं सांगावं तर ताईबाईची मान व्याह्यांसमोर खाली जाणार. न सांगावं तर तोतारामच राहत नाही.

रविवारी सावद्याचं चर्च गच्च भरलं. चिंचटेकची माणसं चपला दाराबाहेर काढून आत बसली, कारण देवाच्या घरी तसंच जायचं असतं. मंडळीच्या माणसांना आपल्या पायातले बूट उगीचच जड वाटू लागले. पुढच्या बाकावर पांढऱ्या साडीत ताईबाई, शेजारी प्रेमराज, मागे धुळ्याचे व्याही. पास्टरने पाणी, गारठा आणि शेजारधर्म यांवर सुरेख प्रवचन केलं. दोन-तीन ठिकाणी कौतिकचेही डोळे भरून आले, इतका तो पाण्यातला माणूस चांगला होता.

मग पास्टरने त्याला पुढे बोलावलं. कौतिकने टोपी काढली, हातात धरली, पुन्हा घातली.

"मले साक्ष देता येत नाही," तो म्हणाला. "तोताराम म्हणायचा, इथी उभं राहून खोटं बोललेलं चालत नाही. म्हणून तो कधी उभा राह्यला नाही. मी उभा राह्यलो, त आता काय करू." त्याने टोपी पुन्हा काढली. "मोटर नव्हती. पाणीबी नव्हतं. मोटर सावद्याले पडेल हाये, याच गल्लीच्या मांगे, जाऊन पाहा. तोत्या माही वांगी चोराले आला होता."

मागच्या बाकांवरची माणसं पुढे झुकली.

"दर वर्षाले यायचा. मीबी त्याची चोरायचो. कोनी कोनाले सापडलो नाही. त्या दिवशी मले वाटलं, सापडला. मी ओरडलो बी. पन तो..." कौतिकने पुढच्या बाकाकडे पाहिलं. "तो तव्हाबी सापडला नाही. मंग मी वांगी लपवली. वहिनी, माफ करा. तुमाले हे माहीत नव्हतं. पन दगडावर ते नका लिहू. तो माणूस मले ठाऊक नाही."

पास्टरने हातातला कागद एकदा सरळ आणि एकदा उलटा धरला. प्रेमराजचे कान लाल झाले. व्याह्यांनी घसा साफ केला. ताईबाईने पदर तोंडावर ओढून घेतला आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. शेजारच्या बायांनी तिच्या पाठीवर हात ठेवले. "रडू नका ताईबाई, रडू नका," कोणी म्हणालं.

कौतिकने ते खांदे पाहिले. असे खांदे कसे हलतात ते त्याला माहीत होतं. बापाच्या दरीवर त्याचे स्वतःचे असेच हलले होते.

ताईबाईने पदर काढला. डोळ्यांत पाणी होतं, पण ते हसण्याचं. "कौतिकभाऊ," ती म्हणाली, "त्यास्ले मीच धाडेल व्हतं."

"काय? तुमीच धाडलं?"

"मन्हा घरना वांगा त्यास्ले गोड लागेत नहीत. म्हतलं, चंपाषष्ठी व्हई गई ना, जा मंग, कौतिकभाऊना वावरमाईन लई या. तवा तपाडी ठेवेल व्हता मी." तिने पदराने डोळे पुसले. "मी इतला दिन गप बठनू. माले वाटनं, मीच धाडेल व्हतं हाई भाऊले माहित नही. भाऊनं मन दुखी जाई."

"आणि ती पावती?" कौतिकने भांबावून विचारलं. "फाटकावरचे देठ?"

"सुतळीमा कोन ओवे मंग? त्यास्ना हातले सुई धरता ये का?"

पहिल्यांदा बेबाबाई हसली, मागच्या रांगेतून, फस्सकन. मग चिंचटेकची सगळी बाजू. मग मंडळीच्या बाया, ज्यांनी नानाला ज्येष्ठमध दिला होता. प्रेमराज आधी खाली पाहत होता, मग त्याने रुमाल काढला, मग तोही हसायला लागला. आणि हसताना, कौतिकने प्रथमच पाहिलं, तो हुबेहूब बापासारखा दिसत होता. व्याहीसुद्धा हसले, पण सगळ्यांच्या शेवटी, मान राखून. बिचाऱ्या पास्टरने शेवटी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "आपण एक गाणं म्हणू. नानाच्या चालीत." ट्रकवाल्यांना पाठ असलेलीच ती चाल होती.

दगडावर नाव आणि गाव तेवढंच कोरलं.

नाताळच्या आठवड्यात कौतिक सकाळी उठून फाटकाशी आला, तर कडीला सुतळी बांधलेली. सुतळीत जळके देठ, नीट ओवलेले, शेवटी गाठ. त्याने हात लावून पाहिला. एक, दोन, तीन, चार, पाच.

तो तडक बांधावर गेला. पलीकडे ताईबाई वांग्याच्या ओळीत वाकून खुरपत होती.

"वहिनी!" कौतिक ओरडला. "चारचा नियम हाये!"

ताईबाईने मान वर केली नाही. "तो त्यास्ना नियम व्हता, भाऊ," ती म्हणाली. "मन्हा नही."

कौतिकची नजर तिच्या ओळींवर गेली. बांधाच्या कडेची दोन झाडं चांगलीच लगडली होती.